पोकळ टिंबांची वही

(प्रस्तावना)

माझ्या कपाटात सात लांब वह्या आहेत. त्यांच्या पाठीला खाकी कागदाची पट्टी डकवलेली आहे आणि पुठ्ठ्यावर आत्याच्या अक्षरात फक्त सालं लिहिलेली आहेत. आत शब्द जवळजवळ नाहीतच. डावीकडे एका खेळाडूचं नाव, उजवीकडे दुसऱ्याचं, आणि मधल्या उभ्या रेघेच्या दोन्ही अंगांना टिंबं. ज्याने गुण घेतला त्याच्या बाजूला एक टिंब. गेम संपला की बारीक आडवी रेघ, सेट संपला की जाड. डबल फॉल्टला फुली. आत्या शाळेत गणित शिकवायची. तिची मांडणी तिच्या फळ्यासारखीच स्वच्छ असायची.

या मांडणीत एक खूण मात्र तिची स्वतःची होती. गेम, सेट किंवा अख्खा सामना जिंकून देणारा गुण एखाद्याच्या हाताशी यायचा आणि निसटायचा. तेव्हा ती प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला नेहमीसारखं भरलेलं टिंब द्यायचीच, पण ज्याच्या हातून तो गुण गेला त्याच्या बाजूला एक छोटं वर्तुळ काढून ते तसंच रिकामं ठेवायची. आम्ही त्याला ‘पोकळ टिंब’ म्हणायचो. हे पुस्तक त्या पोकळ टिंबांचं आहे.

आत्याला टेनिसची गोडी लागली ती १९७४ साली. भारताचा डेव्हिस कप संघ पुण्यात सोव्हिएत संघाशी खेळला आणि जिंकून अंतिम फेरीत गेला. अंतिम फेरीत समोर दक्षिण आफ्रिका होती. वर्णद्वेषाच्या निषेधार्थ भारताने ती लढत खेळायला नकार दिला आणि चषक न खेळताच दक्षिण आफ्रिकेकडे गेला. आत्याला याचा आयुष्यभर अभिमान होता. तिची सगळ्यात पहिली नोंद त्या सालची आहे. वहीत नव्हे, एका सुट्या कागदावर. दोन देशांची नावं, मध्ये रेघ, आणि भारताच्या बाजूला एकच पोकळ टिंब.

माझी पहिली आठवण ७ जुलै १९८५ची. मी अकरा वर्षांची होते. रविवारची संध्याकाळ, साडेसहाची वेळ. विम्बल्डनचा अंतिम सामना तिकडे दुपारी दोनला सुरू व्हायचा, म्हणजे आपल्याकडे दिवेलागणीच्या आसपास. आमचा टीव्ही कृष्णधवल. कोर्टाची हिरवळ राखाडी, खेळाडूंचे कपडे पांढरे, चेंडूही पांढराच. (पुढच्या वर्षी विम्बल्डनने पिवळा चेंडू आणला, हे आम्हाला टीव्हीवरून नव्हे, वर्तमानपत्रातून कळलं.) एका बाजूला केव्हिन करन. त्याने उपांत्यपूर्व फेरीत मॅकेन्रोला आणि उपांत्य फेरीत कॉनर्सला हरवलं होतं. दुसऱ्या बाजूला सतरा वर्षांचा, मानांकन नसलेला बोरिस बेकर. चेंडू हाती लागणार नाही असं वाटलं की तो सरळ अंग झोकून द्यायचा आणि उठताना त्याच्या गुडघ्यांवर मातीचे डाग असायचे. आत्या म्हणाली, “बघ, हा मुलगा तुझ्यापेक्षा फक्त सहा वर्षांनी मोठा आहे.” चार सेटमध्ये तो जिंकला. विम्बल्डनच्या पुरुष एकेरीतला सगळ्यात लहान विजेता, पहिला जर्मन आणि पहिला बिगरमानांकितही. त्या रात्री मला झोप लागली नाही. सतरा हा आकडा मला कितीतरी दिवस पुरला.

आत्या मात्र त्या दिवशी करनकडे बघत होती. तिसरा सेट टायब्रेकमध्ये गेल्यावर ती मला म्हणाली ते वाक्य माझ्या टेनिस पाहण्याचा पाया आहे. ती म्हणाली, “अगं, टिंब पोकळ झालं की चेंडू बघू नकोस. माणूस बघ. पुढच्या सर्व्हिसच्या आधी तो काय करतो ते बघ.”

हे सांगणं किती खोल होतं ते कळायला मला बरीच वर्षं लागली. फुटबॉलमध्ये दोन गोल पुढे असलेला संघ चेंडू आपल्याकडे ठेवून वेळ काढू शकतो. कसोटी क्रिकेटमध्ये शेवटचा तास खेळून काढता येतो, सामना अनिर्णित राखता येतो. टेनिसमध्ये ही सोय नाही. तुम्ही कितीही पुढे असा, शेवटचा गुण तुम्हाला स्वतः जिंकावाच लागतो. तो जिंकेपर्यंत समोरचा माणूस खेळात असतो. सामना कधी संपणार हे सांगणारं घड्याळ कोर्टावर नाही. जे घड्याळ आहे ते दोन गुणांच्या मधल्या वेळेचं. आता तर विम्बल्डनवरही ते सगळ्यांना दिसेल असं लावलेलं असतं: पंचवीस सेकंद. झालेला गुण मागे टाकायला आणि पुढचा सुरू करायला मिळणारा हा एवढाच अवधी. आत्या मला त्या पंचवीस सेकंदांकडे बघायला शिकवत होती.

आपल्या माणसांचीही पोकळ टिंबं तिने जपून ठेवली होती. रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ अशा लागोपाठ दोन वर्षी विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचले. पहिल्या वेळी नील फ्रेझरने आणि दुसऱ्या वेळी रॉड लेव्हरने त्यांना अडवलं. पुरुष एकेरीत भारताची मजल तिथेच थांबली आहे. विजय अमृतराज १९७३ मध्ये उपांत्यपूर्व फेरीत यान कोडेशशी पाच सेट खेळून हरले आणि कोडेशने पुढे विजेतेपद मिळवलं. १९८१ मध्ये त्याच फेरीत कॉनर्सविरुद्ध विजय यांनी पहिले दोन सेट घेतले होते. दोन सेट! पुढचे तिन्ही कॉनर्सचे. हे सामने आत्याने पाहिले नव्हते, वाचले होते; १९७४ च्या आधीचे मागाहून. वर्तमानपत्रातला सेटनिहाय निकाल ती वहीत उतरवून घ्यायची आणि जिथे सामना फिरला असेल असं तिला वाटे तिथे पेन्सिलीने एक वर्तुळ काढायची. न पाहिलेल्या सामन्यातही ती ती जागा शोधायची.

विम्बल्डनची हिरवळ ही आणखी एक वही आहे, हे मला पुढे रंगीत टीव्हीवर दिसलं. पंधरवडाभर खेळ झाल्यावर गवत कुठे मेलं आहे त्यावरून त्या काळचं टेनिस वाचता येतं. बेकर आणि स्टीफन एडबर्ग १९८८ ते १९९० अशी सलग तीन वर्षं अंतिम सामन्यात समोरासमोर आले, तेव्हा बेसलाइनपासून जाळीपर्यंत पायवाट पडलेली असायची. सर्व्हिस करायची, पळत पुढे जायचं आणि चेंडू टप्पा पडण्याआधीच व्हॉलीने संपवायचा, हा त्या काळचा धर्म. आज ती पायवाट बुजली आहे. गवत मरतं ते फक्त बेसलाइनवर, दोन्ही टोकांना. २००१ पासून तिथलं कोर्ट संपूर्ण रायग्रासचं झालं. आधी त्यात फेस्क्यू जातीच्या गवताचं मिश्रण असायचं. नव्या गवताखालची जमीन टणक राहते, चेंडू जास्त उसळतो, आणि परतीचा फटका मारणाऱ्याला जरा अधिक वेळ मिळतो. त्यात रॅकेटच्या तारा बदलल्या, त्यामुळे चेंडूला जबरदस्त फिरकी देता येऊ लागली. जाळीकडे धावणाऱ्याच्या पायाशी चेंडू बुडवणं सोपं झालं. २००२ च्या अंतिम सामन्यात लेटन ह्युइट आणि डेव्हिड नलबांदियान असे दोन बेसलाइनवरचे खेळाडू होते; तेव्हाच आत्या म्हणाली होती, “आता पुढचं गवत हिरवंच राहणार.” तसंच झालं. या बदलाची हळहळ मला आहे, पण तक्रार नाही. खेळ बदलला तरी पोकळ टिंब तेच राहिलं.

त्या टिंबाचा पुरता अर्थ मला ३ जुलै १९९३ ला समजला. महिलांचा अंतिम सामना. स्टेफी ग्राफ आणि याना नोवोत्ना. तिसऱ्या सेटमध्ये नोवोत्ना ४-१ ने पुढे, सर्व्हिस तिची, गुण ४०-३०. हा एक गुण घेतला की ५-१. ग्राफचं वर्चस्व सगळ्या जगाने मान्य केलेलं होतं आणि इथे ती हरण्याच्या बेतात होती. नोवोत्नाने डबल फॉल्ट केला. आत्याने फुली मारली, आणि शेजारी वर्तुळ काढलं. मग आम्ही दोघींनी चेंडूकडे बघणं सोडलं. नोवोत्नाच्या चेहऱ्यावर काहीतरी विझलं होतं. तो गेम गेला आणि त्यानंतरचेही सगळे गेले. ४-१ वरून सेट ४-६. बक्षीस समारंभात डचेस ऑफ केंटने तिला दोन शब्द सांगितले आणि नोवोत्ना त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. तो फोटो सगळ्या जगाने पाहिला. आमच्या घरात त्या वेळी कोणी बोललं नाही. आई स्वयंपाकघरातून पोळ्या टाकून बाहेर आली होती, तीही उभीच राहिली.

तेव्हापासून मी सामन्यांची विभागणी विजेत्यांप्रमाणे करत नाही. पोकळ टिंबानंतर काय झालं, त्यावरून मी सामने लक्षात ठेवते.

गोरान इवानिसेविच तीन अंतिम सामने हरून २००१ मध्ये वाइल्ड कार्डवर आला; जागतिक क्रमवारीत तेव्हा तो १२५ वा होता. उपांत्य फेरीत टिम हेन्मनशी पावसामुळे तीन दिवस खेळला. पावसानेच अंतिम सामना सोमवारवर गेला. पॅट्रिक राफ्टरविरुद्ध पाचव्या सेटमध्ये सामना जिंकून देणारा गुण आला आणि त्याने डबल फॉल्ट केला. दुसऱ्यांदा आला, पुन्हा डबल फॉल्ट. तिसराही गेला. चौथ्यावर तो जिंकला. आत्याच्या वहीत त्या शेवटच्या गेममध्ये तीन पोकळ टिंबं आहेत आणि शेवटी एक भरलेलं. ते इतकं दाबून भरलं आहे की मागच्या पानावर त्याचा उंचवटा बोटाला लागतो.

इव्हान लेंडलने आठ ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदं मिळवली, पण विम्बल्डन त्याला कधीच मिळालं नाही. १९८६ मध्ये बेकरकडून, १९८७ मध्ये पॅट कॅशकडून तो अंतिम सामन्यात हरला. या एका स्पर्धेसाठी १९९० मध्ये त्याने फ्रेंच स्पर्धा सोडली आणि गवतावर सराव केला, तरीही नाही. २०१३ मध्ये तो प्रेक्षकांत बसला होता, अँडी मरेचा प्रशिक्षक म्हणून. फ्रेड पेरीनंतर ७७ वर्षांनी ब्रिटिश पुरुषाला एकेरीचं विजेतेपद मिळण्याच्या बेतात होतं. शेवटच्या गेममध्ये मरे ४०-० ने पुढे, आणि विजयाचे तिन्ही गुण जोकोविचने वाचवले. कॅमेरा लेंडलकडे वळला. तो हलला नाही. पोकळ टिंब कसं असतं हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार! मरेने तो गेम अखेर घेतला, तेव्हा मला आनंद मरेचा झाला आणि रडू लेंडलसाठी आलं.

आणि २००८. आत्या ७८ वर्षांची झाली होती. हात थरथरायचा, म्हणून त्या रात्री टिंबं मी काढत होते आणि ती शेजारी पलंगावर उशीला टेकून सांगत होती. फेडरर सलग पाच वेळा विजेता, नदालने पहिले दोन सेट घेतलेले. पाऊस दोनदा आला. चौथ्या सेटच्या टायब्रेकमध्ये नदालला विजेतेपदाची संधी दोनदा मिळाली आणि दोन्ही वेळा फेडररने ती हिरावली. त्यातली एक बॅकहँडच्या सरळ रेषेतल्या अशा फटक्याने, की आत्या उठून बसली. मला वाटलं नदाल आता संपला. आत्या म्हणाली, “त्याच्या चालीत फरक पडलेला नाही. बघ.” खरोखरच पडलेला नव्हता. तिकडे अंधार दाटत आला होता, इकडे रात्रीचे पावणेदोन वाजत आले होते, तेव्हा फेडररचा फोरहँड जाळीत गेला आणि पाचवा सेट नदालने ९-७ असा घेतला. चार तास ४८ मिनिटांचा खेळ. आत्या खूप वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “दिवा मालव. सुंदर झालं.” आम्ही शेवटपर्यंत एकत्र पाहिलेला तो शेवटचा अंतिम सामना. २०११ मध्ये ती गेली.

वही मी चालू ठेवली. १४ जुलै २०१९ ला लॉर्ड्सवर क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना होता. घरातले सगळे तो बघत होते. मी आतल्या खोलीत फोनच्या पडद्यावर विम्बल्डन लावून बसले होते. पाचव्या सेटमध्ये फेडरर ८-७ ने पुढे, सर्व्हिस त्याची, ४०-१५. विजेतेपदाच्या दोन संधी. दोन्ही गेल्या. १२-१२ वर टायब्रेक झाला. हा नियम त्याच वर्षी आला होता. जोकोविच जिंकला. रात्री उशिरा मी टिंबं मोजली: फेडररची २१८, जोकोविचची २०४. चौदा गुण जास्त जिंकून फेडरर हरला होता. टेनिसमध्ये सगळी टिंबं सारखी नसतात, हे आत्याने मला पोकळ वर्तुळ काढून आधीच सांगितलं होतं. त्या पानावर फेडररच्या बाजूला ती दोन वर्तुळं मी काढली, तेव्हा माझाही हात स्थिर नव्हता.

हे सगळं दूरच्या पडद्यावरचं. पण त्याच वर्षी जानेवारीत बालेवाडीला, श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात, महाराष्ट्र ओपनचा अंतिम सामना मी प्रत्यक्ष पाहिला. केव्हिन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच. दोघांचीही उंची साडेसहा फुटांहून अधिक, कार्लोविच तेव्हा ३९ वर्षांचा. तिन्ही सेट टायब्रेकमध्ये गेले आणि अँडरसन जिंकला. हाच अँडरसन सहा महिन्यांपूर्वी विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत जॉन इस्नरशी पाचव्या सेटमध्ये २६-२४ पर्यंत, एकूण साडेसहा तासांहून जास्त, खेळला होता. त्या सामन्यानंतरच विम्बल्डनने पाचव्या सेटला टायब्रेक आणला. टीव्हीवर कळत नाही ते त्या दिवशी कळलं. सर्व्हिसचा आवाज आधी पोटात जाणवतो. आणि दोन गुणांच्या मधली शांतता किती मोठी असते! हजारो माणसं बसलेली, आणि चेंडू जमिनीवर आपटून घेणाऱ्या खेळाडूचा एक-एक टप्पा स्पष्ट ऐकू येतो. आत्याने ती शांतता पडद्यावरच ओळखली होती.

या पुस्तकात बारा सामने आहेत. पहिले चार गवतावर पायवाट पडायची त्या काळातले, पुढचे चार बेसलाइनच्या काळातले. शेवटचे चार भारतीयांचे आहेत आणि ते मी मुद्दाम दुहेरीसह घेतले आहेत. आपल्याकडे दुहेरीला दुय्यम मानण्याची सवय आहे. ती मला पटत नाही. १९९९ मध्ये लिअँडर पेस आणि महेश भूपती यांनी विम्बल्डन जिंकलं, २०१५ मध्ये सानिया मिर्झा आणि मार्टिना हिंगिस यांनी तिसऱ्या सेटमध्ये मागे पडूनही अंतिम सामना ७-५ असा ओढून आणला, २०२४ मध्ये वयाच्या ४३ व्या वर्षी रोहन बोपण्णाने मॅथ्यू एब्डनसह ऑस्ट्रेलियन ओपन जिंकलं. पोकळ टिंबानंतरचे ते पंचवीस सेकंद इथे दोघांनी मिळून काढायचे असतात. जोडीदाराच्या हातावर हात मारून, रॅकेटआड दोन शब्द बोलून. बार्शीची प्रार्थना ठोंबरे सानियाबरोबर आशियाई खेळांत कांस्यपदक घेऊन आली, ऋतुजा भोसलेने हांगझोच्या आशियाई खेळांत बोपण्णासह सुवर्ण जिंकलं, तेव्हा त्यांची पानंही मी त्याच वहीत घातली.

हा टेनिसचा इतिहास नाही. विजेत्यांच्या याद्या इथे नाहीत, आणि मार्टिना नवरातिलोवाच्या विम्बल्डनमधल्या नऊ एकेरी विजेतेपदांसारखे पराक्रमही ओघात आले तेवढेच आहेत. प्रत्येक प्रकरण एका पोकळ टिंबापाशी सुरू होतं आणि त्यानंतरच्या गुणापाशी थांबतं. लिहिताना सामन्यांची चित्रीकरणं पुन्हा पाहिली, आणि आत्याच्या वहीतली टिंबं त्यांच्याशी ताडून पाहिली. फरक फार थोडे निघाले. ज्या शेजाऱ्यांनी आमचा टीव्ही बंद पडल्यावर रात्री-अपरात्री दार उघडलं, त्यांची मी ऋणी आहे. आईचीही, तिने कितीतरी रविवारी जेवणं उशिरा वाढली.

शेवटी एका पानाविषयी सांगते, कारण पुस्तक लिहायचं त्या पानामुळे ठरलं. याना नोवोत्ना नोव्हेंबर २०१७ मध्ये गेली, अवघ्या ४९ वर्षांची. बातमी वाचून मी १९९३ ची वही काढली. ४०-३० चं ते वर्तुळ जिथल्या तिथे होतं. पण त्याच्या शेजारी, वेगळ्या शाईत, आत्याने नंतर कधीतरी एक तारीख लिहिली होती, मला न सांगता: ४ जुलै १९९८. त्या दिवशी नोवोत्नाने नाताली तोझियाला हरवून विम्बल्डन जिंकलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी आणखी एक अंतिम सामना ती हिंगिसकडून हरली होती.

आत्याने तारीख लिहिली, पण वर्तुळ भरलं नव्हतं. मी ते पान दिव्याखाली धरून पाहिलं. आत शाईचा ठिपकाही नाही. गेलेला गुण गेलेलाच असतो, हे तिला माहीत होतं. त्याच्या शेजारी मात्र जागा असते, आणि ती तिने पाच वर्षं मोकळी ठेवली होती.

पुणे
जून २०२५